वाचकांचे प्रश्न: बँकेच्या नावानं आलेला मेल

या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत: बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या नावानं आलेले खोटे मेल आणि त्यातून गेलेले पैसे. त्यामुळे मुदत ठेवी आणि वारस नोंदणीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं काढली आहेत. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातली शेवटची वर्षं ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्यात गेली. खालची उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न: मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१, राहणार मिरज. माझं पेन्शन ज्या बँकेत येतं तिच्या नावानं मेल आला. वर बोधचिन्ह, खाली 'मुख्य व्यवस्थापक, केवायसी विभाग' अशी सही. मजकूर असा: 'आपल्या खात्याच्या केवायसीची मुदत संपली आहे. २४ तासांत खालील लिंकवर माहिती न भरल्यास आपले खाते गोठवण्यात येईल व निवृत्तिवेतन जमा होणार नाही.' मुलगा म्हणतो, खोटा मेल भाषेच्या चुकांवरून ओळखता येतो. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. मेल बारकाईनं तपासला, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक नाही. मग तो खरा समजायचा का?

उत्तर: नाही सर, तो खोटा आहे. लिंक न उघडताही हे सांगता येतं, ते कसं ते लिहिते.

मुलाचा सल्ला एके काळी बरोबर होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून चोरांनी सुमारे ९५ कोटी डॉलर बाहेर पाठवायचे आदेश दिले. त्यातले श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर अडले, कारण 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि वाटेतल्या बँकेनं त्यावर विचारणा केली. तरी आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपिन्सला पोचलेच. चोर बांगलादेशच्या बँकेच्या संगणकांत शिरले होते तेही मेलमधूनच. बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीचा अर्ज म्हणून तो मेल आला होता. पण आता निर्दोष मराठी परिच्छेद कुणालाही यंत्राकडून क्षणात लिहून मिळतो. त्यामुळे चुका दिसल्या तर सावध व्हाच, पण चुका नाहीत म्हणून विश्वास ठेवू नका.

आता '२४ तास' या शब्दांकडे या. केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांची तपासणी, ठरावीक वर्षांनी नव्यानं करावी लागते हे खरं आहे, आणि बँका त्यासाठी खरे मेलही पाठवतात. म्हणूनच लोक फसतात. पण रिझर्व्ह बँकेनं त्याची रीत घालून दिली आहे. कमी जोखमीच्या खात्याला १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खात्याला ८ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या खात्याला २ वर्षांनी केवायसी करायची असते. जून २०२५ च्या सुधारणेप्रमाणे मुदत संपण्याआधी बँकेनं किमान तीन वेळा कळवायचं आणि त्यातलं किमान एक कळवणं कागदी पत्रानं व्हायला हवं. मुदत उलटल्यावर पुन्हा तीन स्मरणपत्रं, त्यातही एक कागदी. म्हणजे कागदाचा एक चिठोराही न येता थेट मेलवर २४ तासांची धमकी येते, ती या रीतीत कुठेच बसत नाही. शिवाय तुमचा पत्ता वगैरे काही बदललं नसेल, तर 'बदल नाही' असं स्वतःचं लेखी निवेदन पुरतं. त्यासाठी पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही लागत नाही.

मेल कुणी पाठवला हे पाहायचं तर मोबाइलवर वरच्या नावावर बोट ठेवा, खाली पूर्ण पत्ता उघडतो. वर दिसणारं बँकेचं नाव पाठवणाऱ्यानं स्वतः टाइप केलेलं असतं, तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. पत्त्यातला 'अ‍ॅट'च्या चिन्हानंतरचा भाग शेवटाकडून वाचायचा. आपल्या नावात आडनाव शेवटी येतं, तसा या पत्त्याचा खरा मालक शेवटच्या तुकड्यात असतो. हीच रीत लिंकलाही लागू आहे. तिथे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचाच भाग वाचायचा, पुढचा सोडून द्यायचा.

यासाठी रिझर्व्ह बँकेनं एक चांगली सोय केली आहे. भारतातल्या बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असाच संपला पाहिजे, असं तिनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हा पत्ता बँकांनाच मिळतो आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था करते. पण 'संपला पाहिजे' हे महत्त्वाचं. 'डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम' असा पत्ता दिसला तर त्याचा मालक 'केवायसी-अपडेट डॉट कॉम' आहे, तुमची बँक नाही. टिंबाच्या जागी आडवी रेघ घालून 'बँक-इन' केलेलं असतं, तेही वेगळं. रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' ही अक्षरं शेजारी आली की 'एम'सारखी दिसतात, तोही खेळ जुना आहे. पत्त्याशेजारचं कुलूप पाहून निश्चिंत होऊ नका. तुमचं आणि त्या पानाचं बोलणं मधल्या कुणी ऐकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर ते बोलणं त्याच्याशीच चालू असतं. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणून क्रोम या ब्राउझरनं २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

हे सगळं जमलं नाही तरी चालेल. मी स्वतः जी सवय पाळते ती सांगते: मेलमधून बँकेत जायचंच नाही. मेल खरा वाटो की खोटा, तो बंद करायचा आणि आपल्या नेहमीच्या वाटेनं बँक गाठायची. फोनमध्ये आधीपासून असलेलं अ‍ॅप, कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक, पासबुकावरचा शाखेचा फोन, नाहीतर सरळ शाखा. मेलमधली बातमी खरी असेल तर ती तिथेही तुमची वाट पाहत असेल. मेलमध्ये छापलेला फोन नंबर मात्र लावू नका, तो त्याच माणसाचा असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा क्रमांक'ही नको. तिथे खोटे क्रमांक मुद्दाम पेरलेले असतात.

तुमच्यासारख्या पेन्शनरांसाठी आणखी एक. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याच्या नावानं असेच मेल आणि फोन सुरू होतात. दाखला घरबसल्या देता येतो, पण तो आपण होऊन द्यायचा असतो. पेन्शन कार्यालयातलं कुणीही फोनवर ओटीपी विचारून तो 'अपडेट' करत नाही.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला नर्सिंग शिकते. 'तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज संपणार' अशा मेलची लिंक उघडली. त्यावरून 'बँकेचं नवीन अ‍ॅप' डाउनलोड झालं. मी ते उघडलं, त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी दिली. मग भीती वाटली म्हणून लगेच काढून टाकलं. पासवर्ड कुठेच घातला नाही. पैसे अजून आहेत. मी सुरक्षित आहे ना?

उत्तर: नुसती लिंक उघडून परत आली असतीस तर काळजी करू नकोस म्हटलं असतं. पण तू अ‍ॅप टाकलंस आणि मेसेजची परवानगी दिलीस, म्हणून हे उत्तर वाचून होताच कामाला लाग.

प्ले स्टोअरच्या बाहेरून येणाऱ्या अशा फाइलला एपीके म्हणतात. तिचा पहिला उद्देश तुझे ओटीपी परस्पर वाचणं हा असतो. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती, वीजबिल अशा नावांनीही त्या येतात. काही अ‍ॅप आपलं चिन्ह लपवतात, त्यामुळे तुला 'काढून टाकलं' असं वाटलं तरी ते आत असू शकतं.

आधी फोनचं इंटरनेट बंद कर. आईच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून नेट बँकिंगचा आणि मेलचा पासवर्ड बदल, बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड तात्पुरतं थांबवायला सांग. मग तुझ्या फोनवरून ##००२# डायल कर. कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते त्यानं रद्द होतात. काही बँका ओटीपी फोनवर बोलूनही सांगतात, म्हणून चोर कॉल वळवून ठेवतात. शेवटी फोटो आणि नोट्स बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट कर. ते जिवावर येईल, माहीत आहे, पण या बाबतीत दुसरा खात्रीचा उपाय नाही. त्यानंतर अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तेही बँकेच्या संकेतस्थळावरून तिथे जाऊन.

प्रश्न: आम्ही ठाण्याला राहतो. माझे मिस्टर खासगी कंपनीतून निवृत्त झाले. आयकराच्या परताव्याची वाट पाहत होते. शुक्रवारी संध्याकाळी 'आपला परतावा मंजूर झाला आहे, बँक खात्याची खात्री करा' असा मेल आला. लिंकवर बँकांची यादी होती. त्यांनी आपली बँक निवडली, नेट बँकिंगचं नाव आणि पासवर्ड घातला, मागाहून आलेले ओटीपीही घातले. आठच्या सुमारास दोनदा मिळून १,२०,००० रुपये गेले. नऊ वाजता त्यांनी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तरी शनिवारी सकाळी आणखी ६०,००० गेले. सोमवारी शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, 'ओटीपी तुम्हीच दिलात, आता काही होणार नाही.' तेव्हापासून हे नीट जेवत नाहीत. पोलिसांत जायला नको म्हणतात, लोक काय म्हणतील याची लाज वाटते. मी काय करू?

उत्तर: ताई, छपाईपर्यंत थांबायला लागू नये म्हणून तुम्हाला फोनवर सगळं सांगितलंच आहे. इथे ते इतरांसाठी पुन्हा, आणि थोडं सविस्तर देते.

'ओटीपी तुम्हीच दिलात' हे वाक्य शाखांमध्ये फार सहज बोललं जातं. मला त्याचा राग येतो. एक तर ते समोरच्या माणसाला गप्प करतं, आणि दुसरं म्हणजे तुमच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या जबाबदारीबद्दलच आहे. त्याप्रमाणे ग्राहकानं पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर तो बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं. तुमच्या मिस्टरांनी शुक्रवारी रात्री नऊला कळवलं. शनिवार सकाळचे ६०,००० हे कळवल्यानंतरचे आहेत, ते बँकेनं द्यायला हवेत. बँकेला पत्र द्याल त्यात या ६०,००० चा परिच्छेद वेगळा काढा. फोनची वेळ दाखवणारा मोबाइलचा कॉल लॉग जोडा, तक्रार क्रमांक ठळक लिहा. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं अशी रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, हेही त्याच परिपत्रकात आहे. पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

उरलेल्या १,२०,००० ची वाट अवघड आहे, पण बंद नाही. २०१३ मध्ये पुण्यातल्या एका उद्योजकाचं प्रकरण महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे आलं होतं. त्यानं खोट्या मेलला उत्तर दिलं होतं आणि त्याच्या खात्यातून ८० लाखांहून जास्त रक्कम गेली होती. सचिवांनी त्याचीही चूक धरली. पण पैसे ज्या बनावट खात्यांत गेले, ती खाती उघडताना बँकेनं पुरेशी तपासणी केली नव्हती, म्हणून बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले. हे सचिव माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. फार थोड्या लोकांना हे दार माहीत आहे. तेव्हा बँकेला लेखी विचारा: नवा लाभार्थी (पैसे ज्याच्या खात्यात गेले तो) किती वाजता जोडला गेला, त्याचा मेसेज आम्हाला किती वाजता पाठवला, नव्या लाभार्थ्याला एकदम एवढी रक्कम कशी जाऊ दिली, पैसे कोणत्या बँकेतल्या खात्यात गेले. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी त्या परिपत्रकानं बँकेवरच टाकली आहे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो.

आता पोलिसांचं. वाचकांपैकी कुणावर ही वेळ आली तर पहिला फोन १९३० ला करायचा, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्यानं बँकेला करायचा. १९३० ची यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची आहे. तुम्ही खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक सांगितला की ती माहिती पैसे गेलेल्या बँकेकडे पोचते. रक्कम तिथे असेल तर रोखली जाते, पुढे गेली असेल तर त्या पुढच्या बँकेला कळवलं जातं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्यानं घेतलेल्या पाच-दहा खात्यांत फोडून एटीएममधून काढतात. त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत केलेल्या फोनला जी किंमत आहे ती दुसऱ्या दिवशीच्या फोनला नाही. पण सोमवारी केलेला फोनही वाया जात नाही, एखाद्या खात्यात काही शिल्लक अडकलेली सापडते. अडवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशानं परत मिळते, आणि त्यासाठी सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरची किंवा पोलिस ठाण्यातली तक्रार लागते. लाजेपोटी तक्रारच केली नाही, तर अडकलेल्या पैशांवरही आपला हक्क सांगता येत नाही.

हा पुढचा परिच्छेद मिस्टरांना वाचून दाखवा. माझ्या टेबलासमोर अशा तक्रारी घेऊन डॉक्टर आले, इंजिनिअर आले, लेखापरीक्षक आले. तुमचा परतावा खरोखरच यायचा होता, त्यामुळे मेल योग्य वेळी आला असं वाटलं. तो माणूस एकाच दिवशी हजारो लोकांना तोच मेल पाठवतो. त्यातल्या काहींचा परतावा खरोखर यायचाच असतो, आणि त्यांनाच तो अगदी आपला वाटतो. यात तुमच्या हुशारीचा काही प्रश्न नव्हता. उलट तासाभरात बँकेला फोन करायचं भान तुम्ही ठेवलंत, आणि आता त्याच फोनच्या जोरावर आपण ६०,००० मागतो आहोत. जी माणसं घरच्यांपासून लपवतात, त्यांच्याकडून चोर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पैसे काढतात. तुम्ही लपवलं नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. आयकर खातं परतावा पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यातच पाठवतं. त्याला तुमचा नेट बँकिंगचा पासवर्ड लागत नाही. परताव्याची स्थिती बघायची तर पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून जायचं. दुसरं, आता तुम्हाला 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा' असे फोन येतील. वकील म्हणून येतील, सायबर अधिकारी म्हणूनही येतील. फसलेल्यांच्या याद्या चोर एकमेकांना विकतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न: निफाड तालुक्यातून आम्ही द्राक्षं युरोपात पाठवतो. नेदरलँडच्या ग्राहकाला आमच्या नावानं मेल गेला, की 'खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळची रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवा.' सोबत आमचंच बिल, जसंच्या तसं, फक्त खाते क्रमांक वेगळा. त्यानं ३८,४०० युरो पाठवले, ते तिसऱ्याच देशात गेले. आमचा मेलचा पासवर्ड घराबाहेर कुणाला माहीत नाही. हे झालं कसं?

उत्तर: तुमच्या किंवा ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी बरेच दिवस बसून होता. तो काही चोरत नव्हता, नुसता वाचत होता. माल कधी निघाला, बिल किती, पैसे कधी येणार, हे सगळं कळल्यावर त्यानं ऐन वेळी एक मेल मध्ये घातला. निर्यातदारांना लुटायची ही जुनी पद्धत आहे, आणि द्राक्षाच्या हंगामात रोज मेलची घाई असते तेव्हा ती हमखास चालते.

आजच दोन ठिकाणी पाहा. एक, तुमच्या मेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' उघडा. चोर तिथे नियम लावून ठेवतात: अमुक ग्राहकाचा मेल आला की त्याची प्रत बाहेर पाठव आणि मूळ मेल कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी हा नियम चालूच राहतो. कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे हेही तिथेच दिसतं. दोन, ग्राहकाकडून तो खोटा मेल मागवा. फॉरवर्ड केलेला नको, मूळ मेल जोडपत्र म्हणून हवा. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, तर तो तुमच्या खात्यातून गेलेला नाही. अगदी तुमचाच पत्ता असेल, तर घुसखोरी तुमच्याकडे झाली असण्याची शक्यता जास्त. बहुतेक वेळा ऑफिसातल्या कुणीतरी 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पुन्हा लॉगिन करा' अशा पानावर पासवर्ड घातलेला असतो आणि तो ते विसरूनही गेलेला असतो. त्याला धारेवर धरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

पैसे परत मागवायची विनंती ग्राहकाच्या बँकेनंच करायला हवी, तीही ताबडतोब, आणि ग्राहकानं त्याच्या पोलिसांत तक्रार द्यायला हवी. तुम्हीही इथे सायबर पोलिसांत द्या. निर्यातीची रक्कम ठरलेल्या मुदतीत देशात येणं बंधनकारक असतं, म्हणून तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागाला लेखी कळवून ठेवा, नाहीतर उद्या त्याचा वेगळा जाच होईल. नुकसान कुणाचं हे करारावर आणि घुसखोरी कुणाकडे झाली यावर ठरेल, त्यासाठी वकील गाठा. तोपर्यंत एकही मेल पुसू नका. वर ज्या २०१७ च्या परिपत्रकाबद्दल लिहिलं, ते इथे उपयोगी पडणार नाही, कारण पैसे ग्राहकानं स्वतःच्या हातानं पाठवले आहेत.

पुढच्या हंगामासाठी प्रत्येक करारावर आणि बिलावर एक ओळ छापा: आमचा खाते क्रमांक मेलद्वारे बदलला जात नाही, तसा मेल आल्यास आमच्या जुन्या फोन नंबरवर बोलल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. मेलला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवरची दुसरी खूणही लागेल. खोके आणि वाहतुकीची बिलं तुम्ही चुकवता तेव्हा हीच काळजी उलट बाजूनं घ्या. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना आता समोरच्याचं नाव आधी दिसायची सोय झाली आहे, ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: मी मस्कतला नोकरी करते, एनआरई (परदेशातल्या भारतीयांसाठीचं) खातं पुण्यात आहे. भारतातलं सिम इथे नेहमी चालू नसतं, म्हणून बँकेशी सगळा संबंध मेलवरच. तुम्ही म्हणता तसं मेलला हातच लावायचा नाही म्हटलं तर माझं कसं चालेल?

उत्तर: मेल वाचायचा, फक्त त्यातून कुठे जायचं नाही. बँकेसाठी एक वेगळा मेल-पत्ता उघड आणि तो खरेदी, नोकरीचे अर्ज, कुठेच देऊ नकोस. मग जुन्या पत्त्यावर बँकेच्या नावानं काही आलं की ते खोटं, हे न वाचताच कळेल. खात्याचा उतारा पासवर्डच्या पीडीएफमध्ये येतो, तो पासवर्ड त्या फाइलपुरता असतो. जोडलेली फाइल उघडल्यावर ब्राउझरमध्ये पान उघडून नेट बँकिंगचा पासवर्ड मागितला गेला तर ती बंद कर.

भारतातलं सिम रिचार्ज करून रोमिंगवर चालू ठेव. तो खर्च वाचवू नकोस, व्यवहाराचा इशारा त्याच्यावरच आधी येतो. नेट बँकिंगची रोजची मर्यादा तुझ्या गरजेइतकी खाली आण, घरी पैसे पाठवायच्या दिवशी वाढवता येते. १९३० परदेशातून बहुधा लागणार नाही. म्हणून बँकेचा परदेशातून लावायचा क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेव, आणि पुण्यात घरच्या एकाला तुझा खाते क्रमांक आणि शाखा माहीत असू दे, म्हणजे वेळ आली तर तुझ्या वतीनं १९३० ला तो फोन करील. पासवर्ड त्यालाही देऊ नकोस, त्याला तो लागणार नाही.